तीनशे दोनमध्ये द्या

आमच्या सोसायटीत दुपारच्या वेळी कुरिअरवाला, इस्त्रीवाला, मीटर बघणारा किंवा पत्ता हुडकत आलेला पाहुणा उगवला आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्या दाराला कुलूप दिसलं, की वॉचमन खुर्चीतून न उठता एकच वाक्य बोलतो, "तीनशे दोनमध्ये द्या." पाहुणा असेल तर, "तीनशे दोनमध्ये बसा."

तीनशे दोन म्हणजे आमच्या समोरच्या वहिनी. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षावाला कुरकुरत येईल एवढ्या अंतरावर आमची इमारत आहे. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे दादा, फोर्टातल्या एका वकिली कचेरीत नोकरीला आहेत. फ्लॅट घेताना खुनाच्या कलमाचा नंबर नको म्हणून ते बरेच अडून बसले होते म्हणे. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खून १०३ कलमात गेला आणि दादांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पहिल्या मजल्यावरचे एकशे तीनवाले मात्र तेव्हापासून दादांशी जरा तुटकच वागतात.

"मी काय, घरीच असते," असं वहिनी स्वतःबद्दल सांगतात. त्या हे अगदी सहज म्हणतात आणि ऐकणारा त्याचा सोयीस्कर अर्थ घेतो. दाराशेजारी किल्ल्या टांगायची लाकडी पट्टी आहे, कुणाच्या तरी वास्तुशांतीत मिळालेली. तिच्यावरच्या किल्ल्यांपैकी एकच त्यांच्या घराची, बाकी सगळ्या सोसायटीच्या. कुठल्याही किल्लीला चिठ्ठी नाही. ही लांब दांड्याची चारशे एकची, गणपतीचं पदक असलेली वरच्या आजोबांची, नुसती दोऱ्यात ओवलेली आमची. हे शास्त्र फक्त वहिनींना अवगत आहे आणि ते त्यांनी कुणाला शिकवलेलं नाही. का शिकवलेलं नाही, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

सिलेंडरवाल्याला शेजारच्या चार घरांचे ओटीपी वहिनी तोंडपाठ सांगतात. सांगण्याआधी त्याला वजनकाटा काढायला लावतात. सिलेंडरच्या गळ्याशी रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवून जी बेरीज येते ती तो काटा लावेपर्यंत वहिनींनी मनात करून ठेवलेली असते. काटा थरथरत असताना त्या त्याच्याकडे बघत नाहीत, त्याच्या पायाकडे बघतात. पाय टाकीला टेकवलाय का, ते. आमची ही बँकेत अधिकारी आहे, कर्जांची तपासणी करते; पण कुणाच्या पायाकडे बघायचं हे तिला अजून जमलेलं नाही, असं माझं मत आहे आणि ते मी घरात बोलत नाही.

तर अशा या वहिनींना सुट्टीचं भयंकर टेन्शन येतं.

स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे. आपण त्यात चतुर्थी आणि मुहूर्त बघतो. वहिनींच्या प्रतीत दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, बाईंचे खाडे आणि भिशीचा नंबर अशा नोंदी इतक्या दाट असतात, की मूळ छापलेलं काही दिसत नाही. दिसतात फक्त लाल तारखा. लाल तारीख म्हणजे चौघंही घरी, म्हणजे नाश्ता चार हप्त्यांत, म्हणजे जेवण अडीचला, म्हणजे साडेतीनला "काहीतरी चटपटीत कर ना". एकदा आमच्या हिनं वाटाणे सोलता सोलता वहिनींना समजावून सांगितलं, की सरकार या सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतं ते १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाखाली. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर काय करायचं, याचा तो कायदा.

"म्हणजे सुट्टी हुंडीला असते?"

"तसंच काहीसं."

"मग हुंडीच्या जन्माला यायला हवं होतं," असं म्हणून वहिनींनी सालांचा ढीग एका हातानं कडेला सारला.

बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून सुरू झाली. तेव्हापासून त्या दोन शनिवारी आमची ही "जरा निवांत बसू" म्हणून समोर जाते. वहिनींच्या हिशेबी बँकेच्या सुट्टीचा अर्थ एक कप चहा जास्त.

त्यांचं एक पालुपद आहे. "झालं, बसतेच आता." सकाळी नऊला म्हणतात, दुपारी दोनला म्हणतात, रात्री दहाला ओटा पुसताना म्हणतात. इतक्या वर्षांत मी त्यांना सोफ्याच्या कडेवर टेकलेलं पाहिलंय. पाठ सोफ्याला लागलेली पाहिलेली नाही.

खरा मोसम मे महिन्याचा. १ मेला महाराष्ट्र दिन, झेंडावंदन आणि मुलांचे निकाल. तिथून शाळा जूनच्या मध्यावर उघडेपर्यंत दीड महिना थोरली आणि धाकटा घरी. विदर्भात ऊन जास्त म्हणून शाळा आणखी उशिरा उघडतात. त्यामुळे नागपूरची नणंद मुलांना घेऊन "उकाड्यातून सुटका" म्हणून डोंबिवलीला येते. डोंबिवलीला! मे महिन्यात! पण माहेर म्हणजे माहेर. नणंदेला पहिल्या दिवशी कैरीची डाळ आणि पन्हं, दुसऱ्या दिवशी आमरस, तिसऱ्या दिवशी "वहिनी, आज साधंच कर". हे साधं म्हणजे डाळिंब्यांची उसळ. ज्यानं कधी कडव्या वालांना मोड आणून ते एकेक सोलले असतील, त्यानं साधं हा शब्द जपून वापरावा. वहिनी नणंदेला चमचासुद्धा उचलू देत नाहीत. "चार दिवस आलीय, तिथं मरमर करते बिचारी," म्हणतात. स्वतः त्या बार्शीला माहेरी जातात तेव्हा तिथली भावजय मरमर करत असते म्हणून तिच्या हाताखाली उभ्या राहतात. एकूण माहेरपणाची ही सोय करणाऱ्याला वहिनींचा पत्ता कोणी दिला नसावा.

त्यातच कुरडया. विकत मिळतात, छान मिळतात, हे मी एकदा बोलून बसलो. त्यावर वहिनींनी मला उत्तर दिलं नाही. फक्त त्या वर्षी आमच्या वाटणीच्या कुरडया अर्ध्याच आल्या.

गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पिवळट पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. हे पाणी ओतताना वहिनी श्वास रोखून धरतात आणि घरातल्या सर्वांनी तो रोखून धरावा अशी अपेक्षा असते. मग मोठ्या पातेल्यात आधण, मीठ, हिंग. एकानं चीक ओतायचा आणि दुसऱ्यानं लाकडी दांड्यानं घोटायचं. गुठळी झाली तर घोटणाऱ्याचं खानदान निघतं. घोटायला दादा असतात. लोकलच्या दारात उभं राहून कमावलेले दंड त्यांना वर्षातून एकदाच इथं उपयोगी पडतात. चीक शिजून काचेसारखा दिसू लागला की गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर धावायचं. गच्चीत जुन्या साड्या अंथरलेल्या, चार कोपऱ्यांवर विटा, आणि छत्री उघडून काठी घेऊन बसलेल्या वहिनींच्या सासूबाई. त्यांच्या हाताखाली राखणीला चार मुलं. कावळ्यांपासून राखण करायची असते, पण ओल्या कुरडया कावळ्यांपेक्षा राखणदारच जास्त खातात, हे वहिनींना पक्कं ठाऊक आहे. त्या सहा साड्यांचा माल धरून चारच साड्यांचा हिशेब मांडतात. तेल, गूळ, शेंगदाणे यांच्याही बाबतीत त्यांचं असंच काहीतरी गणित असतं. अर्थमंत्र्यांनी एकदा येऊन बघायला हरकत नाही.

संध्याकाळी जमलेल्या मुलांना वाटीभर चीक, वर दूध आणि साखर. मलाही मिळतो. मी लेखक माणूस, दिवसभर घरीच असतो. पण वॉचमन कधी "तीनशे एकमध्ये द्या" म्हणत नाही. मी घरी बसून काम करतो अशी सोसायटीची समजूत आहे, आणि ती मोडायला मी कधी गेलेलो नाही.

लेखक असल्याचा एक फायदा म्हणजे आकडे सापडतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मी कागद घेऊन समोर गेलो. वाटलं, वहिनी खूश होतील, कोणीतरी दखल घेतली म्हणून.

"दोनशे नव्व्याण्णव? पाच तासांना एक मिनिट कमी?"

"हो."

"मी बसले असेन तेवढ्यात," वहिनी म्हणाल्या. मग दादांकडे वळल्या. "आणि सत्त्याण्णव मिनिटं कुणाच्या घरी हो?" दादांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. मी विषय बदलावा म्हणून २०२४ च्या पाहणीचे आकडे काढले. त्यात बायकांची मिनिटं उतरून २८९ झालीत आणि पुरुषांची ८८.

"दोघांचीही उतरली?" वहिनी विचारात पडल्या. "मग करतंय कोण?"

या प्रश्नाचं उत्तर सांख्यिकी कार्यालयानं द्यावं. मी चहा पिऊन परत आलो.

दिवाळीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय काढला की वहिनी अजूनही अनारशांवर येतात. तीन दिवस तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मळून ठेवलेलं पीठ, आणि तुपात सोडल्यावर अनारसा हसला! म्हणजे फसकन पसरला. घरातल्या कुणी त्यावर हसायचं नव्हतं. धाकटा हसला. त्याचं पुढे काय झालं ते तो सांगत नाही.

भाऊबीज झाली की सहल. मागच्या दिवाळीत दोन्ही कुटुंबांनी गुहागरला जायचं ठरवलं. दादांना गाडी काढायची होती. वहिनींनी नकार दिला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्याच साली थोरली झाली. "दोघींची वाढ अजून चाललीय," वहिनी म्हणाल्या, "एकीला सांभाळतेय तेवढं पुरे." मग रेल्वे. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं. लोकांना हे बरं वाटलं, वहिनींना नाही. ह्यांच्या साहेबांना रजा द्यायला एकशे वीस दिवस बरोबर पुरायचे, असं त्यांचं म्हणणं. खिडकी उघडते सकाळी आठला, म्हणजे ऐन डब्यांच्या वेळेला. डाव्या हातात फोन, उजव्या हातात उलथनं. तव्यावरची पोळी फुगली त्याच क्षणी सगळ्यांची तिकिटं कन्फर्म झाली. पोळीही करपली नाही. आमची ही शेजारी लॅपटॉप उघडून बसली होती, तिचं पान अजून फिरत होतं.

मांडवी एक्स्प्रेस खाण्यापिण्यासाठी नावाजलेली गाडी. लोक मुद्दाम उपाशी चढतात. ठाण्याला आम्ही चढलो तेव्हा वहिनींकडे कपड्यांची एक बॅग होती आणि खाण्याच्या तीन. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, दाण्याची चटणी, गोडलिंबाची चटणी, आणि "संपवायचाय" म्हणून दिवाळीचा उरलेला सगळा चिवडा. पनवेल गेलं, गरम कटलेट आले. मुलांच्या माना त्या बाजूला वळल्या. वहिनींनी एक डबा उघडला. माना परत आल्या. पुढे ऑम्लेट आलं, वडे आले, प्रत्येक वेळी एक डबा. शेवटी तो पदार्थ विकणारा गृहस्थच आमच्या बाकापाशी थांबून म्हणाला, "ताई, जरा बघू पुरी," आणि दोन खाऊन गेला. चिपळूण येईपर्यंत चिवडा मात्र होता तेवढाच होता. मला वाटतं तो वाढत होता.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन झालं, समुद्र झाला. सुरूच्या बनातून पोरं पळाली, दादा लुंगी लावून वाळूत आडवे झाले. उतरलो होतो ते एका घरगुती ठिकाणी. फाटकावर "न्याहारी व निवास" पाटी, मागे पोफळीची बाग. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. पोचल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता दोन दिवस मी इकडची काडी तिकडे करणार नाही. झालं, बसतेच आता." मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चहाचा कप विसळायला म्हणून आत गेलेल्या वहिनी संध्याकाळी काकूंच्या ओट्यापाशी मोदकाला कळ्या पाडत उभ्या होत्या. काकू उकड मळत होत्या. तांदूळ कुठला, पिठी किती बारीक, सारणात खसखस घालायची का, असं बोलणं चाललेलं. दोघी एकमेकींना जन्मभर ओळखत असाव्यात असं वाटत होतं.

मग वहिनींचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथं दरपत्रक लावलेलं होतं. थाळी, न्याहारी, उकडीचे मोदक, सोलकढी, आणि प्रत्येकापुढे रुपये. वहिनींनी ते वरून खाली वाचलं. परत खालून वर वाचलं.

"काकू, हे सगळं तुम्ही एकट्या करता?"

"हो तर. सीझनला एक मुलगी असते मदतीला."

"आणि लोक पैसे देतात?"

"आधी ॲडव्हान्स घेते मी," काकू म्हणाल्या.

वहिनी हातातला मोदक घेऊन पडवीत आल्या आणि दादांकडे बघत राहिल्या. दादा समुद्राकडे बघू लागले. वास्तविक पडवीतून समुद्र दिसत नव्हता, मध्ये नारळाची झाडं होती.

आता या मे महिन्यातली गोष्ट. दुसऱ्या रविवारी जगाचा मातृदिन असतो. आपला असतो पिठोरी अमावास्येला, त्या दिवशी आई डोक्यावर खीरपुरीचं वाण धरून "अतिथी कोण?" विचारते आणि मुलं मागून "मी" म्हणून ते पळवतात. म्हणजे आपल्या मातृदिनालाही खीरपुरी आईच करते, हे पूर्वजांचं धोरण वहिनींनी बऱ्याच वेळा सुनावून झाल्यावर थोरलीनं ठरवलं, या रविवारी आईला सुट्टी. स्वयंपाक बाबा करतील. आई घरात असली की हात घालते, म्हणून तिची रवानगी आमच्याकडे. सकाळी दहाला थोरलीनं वहिनींना आमच्या सोफ्यावर आणून बसवलं आणि समोरचं दार आतून लावून घेतलं.

वहिनी बसल्या. अर्थात कडेवर. आमच्या हिनं टीव्ही लावला. त्यांनी आवाज कमी करायला सांगितला.

"तेल तापलं नाही अजून," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मोहरी टाकली ह्यांनी. ऐका, तडतडतेय का? नुसती पडलीय."

दोन बंद दारं आणि मधला जिना पार करून मोहरी ऐकणारा कान मी प्रथमच पाहत होतो. पाठोपाठ कुकरच्या शिट्ट्या त्यांनी बोटांवर मोजल्या. चौथी झाली, पाचवी झाली, त्या उठल्या, हिनं त्यांना खाली बसवलं. तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"हिंग कुठाय?"

"वरच्या फळीवर, उजवीकडून तिसरा डबा. साबुदाणा लिहिलंय त्यावर."

"आणि साबुदाणा?"

"साबुदाणा कशाला हवाय तुम्हाला?"

"सहज विचारलं."

"पोह्यांच्या डब्यात. पोहे बिस्किटांच्या डब्यात. हळद फ्रीजच्या मागे निळ्या झाकणाची. आणि ज्याच्यावर हळद लिहिलंय त्याला हात लावू नका, त्यात पैसे आहेत."

पलीकडे बराच वेळ शांतता. दादा लिहून घेत असावेत. किल्ल्यांच्या पट्टीवर चिठ्ठ्या का नाहीत, ते मला त्या क्षणी समजलं. सरकारं येतात-जातात, टिकून राहतो तो सचिवालयातला कारकून, कारण फाईल कुठे आहे हे त्यालाच माहीत असतं. वहिनींना आपण उगाच बिचाऱ्या समजत होतो.

एकच्या सुमाराला आम्हाला सर्वांना बोलावणं आलं. ताटं मांडली होती, थोरलीनं रांगोळीही काढली होती. पिठलं, भात, भाकरी, ठेचा, कांदा फोडून. धाकट्यानं पाण्याचे तांबे भरले होते, निम्मं पाणी जमिनीवर होतं. वहिनींनी पहिला घास घेतला. दादा पदर पकडल्यासारखे कमरेचा टॉवेल धरून उभे.

पिठलं उत्तम झालं होतं. खरोखर उत्तम. मी दोनदा घेतलं.

"छान झालंय," वहिनी म्हणाल्या. मग भाकरीचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. तीही फुगलेली होती. "छानच झालंय हो," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. तो फक्त मला दिसला. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते. दादा तर इतके फुलले की दर रविवारी आपणच करू, असं जाहीर करून मोकळे झाले. "हिंग कुठाय ते आता पाठ झालंय मला!"

सोमवारी पहाटे मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं. समोरचं दार सताड उघडं, आत स्वयंपाकघरातला दिवा लागलेला, आणि वहिनी स्टुलावर चढलेल्या. ओट्यावर फळीवरचे सगळे डबे उतरवून ठेवले होते आणि त्या एका डब्यातलं काहीतरी दुसऱ्यात ओतत होत्या.

"एवढ्या सकाळी आवराआवर?"

"काही नाही हो. मुंग्या झाल्यात."

आतून दादा डोळे चोळत आले. मोठ्या उत्साहानं चहाचं आधण ठेवलं, हात वर करून सराईतपणे एक डबा काढला, झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि दुसरा काढला.

"अगं, साखर इथंच होती ना?"

"थांबा," वहिनी स्टुलावरून उतरत म्हणाल्या, "तुम्हाला नाही सापडायची."